खिडकीतलं लोणी

११ मे १८७४
आज शाळेचा शेवटचा दिवस होता. मी कोणाला सांगितलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. निघताना बाईंनी ही वही हातात दिली आणि म्हणाल्या, "सिग्ने, तोंडाने बोलत नाहीस, निदान इथे तरी बोल." मी काहीतरी पुटपुटले. आभारच मानले, पण ते त्यांना ऐकू गेलं नसावं.

शाळा सोडायचं कारण ओलाव. तो माझा भाऊ, गेल्या महिन्यात झाला. तेव्हापासून आईला शक्ती नाही, आणि बाबा सोमवारी पहाटे रस्त्याच्या कामावर जातात ते शनिवारी येतात. मग गाय, डुक्कर, बटाटे आणि लीव कोण बघणार? लीव माझी बहीण, सहा वर्षांची. ती एकटीच गायीपेक्षा जास्त काम काढते.

खरं सांगायचं तर शाळा सुटल्याचं मला वाईट वाटलं नाही. मोठ्याने वाचायची पाळी आली की माझा घसा बंद व्हायचा. गायीसमोर नाही होत.

१६ मे, शनिवार
बाबा आले. अंगावर चिखल, दाढीत चिखल, आणि ओलावसाठी खिशात लाकडाचा छोटा पक्षी. ओठाला लागताच ओलाव तो चोखायला लागला. बाबा आईला म्हणाले, "बघ गुरो, याला कळलं, पक्षी खायचा असतो." आई हसली. आई हसली की बाबा दोनदा बघतात, खरंच हसली का म्हणून.

मग कुऱ्हाड घेऊन ते घरापुढच्या झाडांकडे गेले. आमच्या खिडकीत ऊन येत नाही. झाडं आड येतात. बाबा म्हणतात, एकेक पाडत गेलं की येईल.

ही खिडकी म्हणजे बाबांचा जीव. नॉर्वेतून बोटीने या नव्या देशात आल्यावर आम्ही तिघी बंदरावरच्या बराकीत राहिलो आणि बाबा एकटेच रानात घर बांधायला आले. आईचं माहेर डोंगराच्या सावलीतलं, तिथे अख्खा हिवाळा ऊन पडायचंच नाही. म्हणून लग्नात बाबांनी तिला म्हटलं होतं की तुला दक्षिणेची खिडकी देईन. बंदरावरून काच पाठीवर बांधून त्यांनी चालत आणली. वाटेत झोपायचे ते पालथे. आम्ही आलो त्या दिवशी त्यांनी आईला डोळे मिटायला सांगितलं आणि हाताला धरून खिडकीपुढे उभं केलं. "होकायंत्राने बघून लावलीय," म्हणाले. "अगदी दक्षिण."

आईने डोळे उघडले आणि काचेला हात लावून बाहेर बघितलं. मग म्हणाली, "फार सुंदर आहे, हाल्वर." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं आनंदाचं.

३० मे
आईचं एक मला कळत नाही. दुपारी काम आवरलं की ती स्टूल उचलते, ओलावला शालीत गुंडाळते आणि घरामागे डुकराच्या खोपटाशी जाऊन बसते. तिथेच सूत कातते, तिथेच बटाटे सोलते. घरात एवढी काचेची खिडकी असताना.

मी विचारलं, "आई, तिथे वास येत नाही?"
"येतो की."
"मग?"
"मला डुक्कर आवडतं. सोबत होते."

आमच्या डुकरिणीचं नाव बाईसाहेब. शेजारच्या रास्मुसकाकांनी ठेवलंय. ती कोणाला सोबत देण्यातली नाही.

१४ जून
रास्मुसकाका आणि कारेनमावशी आले होते. ते डेन्मार्कचे. त्यांची जमीन आमच्या मागच्या बाजूला. त्यांनी गेल्या उन्हाळ्यात तिथलं सगळं रान जाळलं, त्यामुळे मागे लांबपर्यंत नुसते काळे बुंधे दिसतात. रास्मुसकाकांकडे बैल आहेत आणि बडबडही आहे.

"काय सिग्ने, आज काय बातमी?" ते मला दर वेळी हेच विचारतात, आणि मी बोलत नाही हे बघून म्हणतात, "बास बास, एवढं नको सांगू, लक्षात राहत नाही." मला राग येत नाही.

मावशीने ओलावला मांडीवर घेतलं आणि तिचा चेहरा बदलला. "खोकला कधीपासून?"
"दोन आठवडे," आई म्हणाली.
"घरात ओल आहे तुझ्या. माझ्याही आहे. पोराला ऊन लागतं गुरो."
"मी बसते ना त्याला घेऊन. मागे. डुकरापाशी."
मावशीने मान वर केली आणि म्हणाली, "मला पण आमची डुकरं फार आवडतात." आणि दोघी एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. हसता हसता आईला खोकला आला. डुकरांत एवढं हसण्यासारखं काय, ते मला कळलं नाही.

२७ जून
आज पुढचा सगळ्यात मोठा रिमू वृक्ष पडला. बाबा सकाळपासून त्याला लागले होते. आई दोनदा बाहेर येऊन म्हणाली, "तो राहू दे हाल्वर. मला आवडतो तो."
"तोच तर आड येतोय."
"तरी राहू दे. दमलायस तू."
बाबा म्हणाले, "हा गेला की बघ." आई आत गेली आणि भांडी जोरात घासायला लागली.

झाड पडलं तेव्हा जमीन हादरली. ताटं खणखणली. ओलाव दचकून रडला. मग आम्ही सगळे खिडकीकडे बघत उभे राहिलो. आकाशाचा एक मोठा तुकडा दिसायला लागला होता. ऊन नव्हतं.
"ढग आहेत," बाबा म्हणाले.
"हो," आई म्हणाली.
ढग नव्हते.

५ जुलै
मला एक गोष्ट कळली आहे आणि ती कळली नसती तर बरं झालं असतं.

पुढच्या दोरीवर वाळत घातलेले ओलावचे लंगोट दुपारपर्यंत गारठून फळीसारखे कडक होते. लीवने एक तलवार म्हणून वापरला. मग मी ते मागे बाईसाहेबांच्या कुंपणावर टाकले, तर संध्याकाळच्या आत कोरडे. मी भर दुपारी घराभोवती फिरून बघितलं. आमच्या घराची सावली पुढच्या अंगणात पडते. ऊन सगळं मागे, जिथे खिडकी नाही, दार नाही, नुसत्या फळ्या आणि धुराडं.

इथे सूर्य उत्तरेकडून फिरतो. बाईंनी शाळेत पृथ्वीचा गोल फिरवून दाखवलंही होतं की आपण आता खाली आहोत, इथे हिवाळाही उलटा आणि ऊनही उलटं. पण त्या गोलावर आमचं घर नव्हतं. बाबांनी घर बांधलं ते भर उन्हाळ्यात. तेव्हा सूर्य डोक्यावर असतो आणि सकाळ-संध्याकाळ थोडा पुढूनही येतो. शिवाय भोवती सगळी झाडं. कळणार कसं?

बाबा वेड्यासारखी झाडं पाडतायत आणि सगळी उलट्या बाजूची.

हे त्यांना कोण सांगणार? आईला कळलं तर तिचं मन मोडेल. बाबांना कळलं तर, मला विचारच करवत नाही. दोघांनाही माहीत नाही, ते बरं आहे. पण ओलाव खोकतोय.

१८ जुलै, शनिवार
पुढचं शेवटचं झाडही पडलं. दुपार होती, आकाश निळंभोर. बाबा कुऱ्हाड खाली टाकून बुंध्यावर उभे राहिले. मी पाणी घेऊन गेले, तर ते स्वतःच्या सावलीकडे बघत होते. सावली त्यांच्या पायापासून निघून घरापासून दूर, रानाकडे गेली होती. त्यांनी मान वळवून घराच्या छपराकडे बघितलं. मग परत सावलीकडे. मग परत छपराकडे.

"बाबा, पाणी."
त्यांना ऐकूच आलं नाही. बहुतेक दमले होते. नंतर सगळं पाणी एकदम प्यायले आणि विचारलं, "तुझी आई कुठेय?"
"मागे. डुकरापाशी."
"रोज बसते तिथे?"
मी मान हलवली. ते बुंध्यावर खाली बसले आणि अंधार पडेपर्यंत कुऱ्हाडीला धार लावत राहिले. पाडायला झाड उरलं नव्हतं तरी.

२ ऑगस्ट, रविवार
आज लोण्याचा दिवस. आईच्या माहेरी डोंगराआडून सूर्य परत येतो त्या दिवशी खिडकीत लोण्याचा गोळा ठेवतात. पहिलं ऊन त्याच्यावर पडायचं, लोणी वितळायचं, मग ते सगळ्यांच्या कपाळाला लावायचं. तिथे तो दिवस फेब्रुवारीत येतो. आईने या वर्षी स्वतःच ठरवलं की इथे सगळं उलटं आहे, तर दिवस ऑगस्टमध्ये धरायचा.

सकाळी तिने बशीत गोळा ठेवला. चांगला पिवळा, तिने स्वतः घुसळलेला. मला तिकडे बघवेना. वितळणार नाही हे मला माहीत होतं.

मग आई ओलावला घेऊन मागे गेली आणि लीव तिच्याबरोबर. मी दूध काढायला गोठ्यात. परत येताना दारातून बघितलं तर बाबा चुलीपाशी उकिडवे बसून चमचा तापवत होते. मला बघून चपापले. म्हणाले, "ओलावच्या औषधाला." ओलावचं औषध संपून आठवडा झाला. बाबा कामावर असतात, त्यांना काय माहीत.

दुपारी आई आत आली आणि खिडकीपाशी थांबली. लोणी वितळलं होतं. बशीत सगळं पातळ आणि मध्ये थोडंसं घट्ट राहिलेलं.
"आलं होतं ऊन," बाबा म्हणाले. ते भिंतीकडे बघत होते. "थोडा वेळच. तुम्ही मागे होतात."
"हो का?" आई म्हणाली.

राहिलेल्या लोण्यावर चमच्याच्या पाठीची खूण होती. मी बघितली. आईने पण बघितली, कारण तिने अंगठ्याने ती हळूच पुसली. मग लोणी सगळ्यांच्या कपाळाला लावलं, बाबांच्या सगळ्यात शेवटी, आणि हात तसाच त्यांच्या कपाळावर ठेवला.

म्हणजे आईला अजून माहीत नाही. आता तर तिला वाटतंय की ऊन येतं.

१२ ऑगस्ट
आठवडाभर पाऊस. मागे बसता येत नाही. अंथरुणाला बुरशी आलीय, मी रोज चुलीपुढे धरते. ओलाव दूध ओढता ओढता दमून सोडून देतो. त्याचे गाल आत गेलेत.

कारेनमावशी म्हणाली की पाद्र्यांचं घर लांब टेकडीवर आहे, सगळीकडून ऊन येतं, तू पोराला घेऊन तिकडे जा, सिग्ने बघेल इथलं. आई पहिल्यांदा नको म्हणाली. मग ओलाव खोकला. आई म्हणाली, "येत्या रविवारनंतर जाते. हाल्वरला सांगून."

गेल्या वर्षी पलीकडची बाई अशीच पोराला घेऊन महिनाभरासाठी म्हणून गेली. मग नवरा तिला आणायला गेला, तोही आला नाही. त्यांच्या घरात आता रास्मुसकाकांच्या कोंबड्या राहतात.

१६ ऑगस्ट, रविवार
काल संध्याकाळी आईने बाबांना सांगितलं. बाबा "बरं" म्हणाले. एवढंच. जेवले नाहीत.

मी सकाळी बोलायचं ठरवलं होतं. गोठ्यात गायीला सगळं म्हणून दाखवलं, बाबा, घर उलटं आहे, तुमची चूक नाही, पण घर उलटं आहे. गायीने ऐकून घेतलं. मग मी बाबांसमोर उभी राहिले आणि घसा बंद. ते म्हणाले, "काय गं?" मी म्हटलं, "दूध कमी आहे."

ऊन पडलं होतं. आई आत गाठोडं बांधत होती. मी फडताळातून लोणी घेतलं, बशीत ठेवलं आणि घरामागे गेले. तिथे भिंतीला एक फळी बाहेर आलेली आहे, बाईसाहेबांच्या खोपटासमोर. त्यावर बशी ठेवली. मग बाबांची बाही धरून त्यांना ओढत मागे नेलं. ते काही विचारत नव्हते, नुसते येत होते.

आम्ही दोघं उभे राहिलो. लोण्याची कड चकाकायला लागली. मग गोळा एका बाजूला कलला आणि बसला. बाईसाहेब वर नाक करून वास घेत होत्या.

मला वाटलं बाबा रागावतील. ते म्हणाले, "तुला कधीपासून माहीत आहे?"
"लंगोट वाळत घातले तेव्हापासून."
"मला त्या शेवटच्या झाडापासून." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "आईला सांगू नकोस. तिला वाटतं ऊन येतं."
"बाबा, ती गाठोडं बांधतेय."

ते तसेच रास्मुसकाकांच्या घराकडे चालायला लागले. टोपी न घालता. मी मागे पळाले.

रास्मुसकाका दारात पाइप ओढत होते. बाबा म्हणाले, "मला तुझे बैल हवेत. घर फिरवायचंय."
"कुठे न्यायचंय?"
"कुठे नाही. आहे तिथेच फिरवायचं. पुढचं मागे." बाबांचे कान लाल झाले होते. "मी ते उलटं बांधलंय. हस आता."

रास्मुसकाका हसले नाहीत. पाइप तोंडातून काढला आणि घरात वळून हाक मारली, "कारेन, ऐकलंस? हाल्वरने सांगितलं." मग बाबांना म्हणाले, "तुझ्या घराने सूर्याला पाठ दाखवली असेल. माझ्या घराने तर ढुंगण दाखवलंय. दीड वर्ष झालं, बायको डुकरात बसते आणि मी म्हणतो, हिला डुकरांचा केवढा लळा."
"तू कधी बोलला नाहीस."
"तू बोललास का?"

आतून कारेनमावशीचा आवाज आला, "अख्ख्या वस्तीत एकाने तोंड उघडलं असतं तर त्या ओलीने माझे गुडघे धरले नसते."

मग काका म्हणाले, "पण मागच्या भिंतीला भोक पाड की. सोपं आहे."
"काच एकच आहे," बाबा म्हणाले. "आणि दार? आणि पायरी? मी ते तिच्यासाठी पुढे केलंय. तिने आपल्या घराच्या पुढे बसावं. डुकरापाशी नाही."

"मग शनिवारी, माणसं घरी असतात तेव्हा," काका म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "काय सिग्ने, आज काय बातमी?"
मी म्हटलं, "शनिवारपर्यंत आईला थांबवायला हवं."
त्यांच्या हातातून पाइपच पडला.

१७ ऑगस्ट
आई थांबली. बाबांनी घर फिरवायचं सांगितलं तेव्हा ती पाळण्याला धरून उभी होती. का, असं तिने विचारलं नाही. फक्त म्हणाली, "शनिवारपर्यंत ओलाव कारेनच्या चुलीपाशी राहील. मी पण." बाबा आज कामावर गेले नाहीत. गाठोडं सोडलेलं नाही.

२२ ऑगस्ट, शनिवार
हात दुखतायत तरी लिहिते.

वस्तीतली सगळी माणसं आली. बाबांनी आधी काच काढली, गोधडीत गुंडाळली आणि मला धरायला दिली. "बसून राहा. शिंकूसुद्धा नकोस." मग चूल विझवली, पत्र्याचं धुराडं उतरवलं, घराखालचे ठोकळे एकेक करून काढले आणि चरबी चोपडलेले ओंडके खाली सरकवले. एका कोपऱ्याला साखळी, साखळीला रास्मुसकाकांचे बैल.

आई कारेनमावशीकडून ओलावला घेऊन आली, तेव्हा पुरुषांनी तिला वाट करून दिली. तिने घराकडे बघितलं आणि म्हणाली, "सकाळी आत पावाचं पीठ फुगायला ठेवलंय. हळू फिरवा."

घर कुरकुरलं. मग हललं. एवढं मोठं घर बोटीसारखं वळायला लागलं, दाराची उघडी चौकट सगळ्यांसमोरून गेली, आणि लीव बाजूने पळत ओरडत होती की आमचं घर फिरायला निघालं. मध्येच ते एका मुळाला अडकलं आणि तिरकं झालं. बाबा खाली वाकून खांदा लावायला गेले. आई एकदम म्हणाली, "हाल्वर, नको. राहू दे तिरकं. मला चालेल." बाबा म्हणाले, "मला नाही चालणार." मूळ तोडलं. घर वळलं.

थोडं तिरकं राहिलंच. रास्मुसकाका म्हणाले, "सूर्याला नाक मुरडतंय, पण बघतंय." पुढच्या शनिवारी त्यांचं घर. त्यानंतरही दोघांनी बैल मागितलेत, दोघांनीही हळू आवाजात.

पीठ छान फुगलं होतं.

२३ ऑगस्ट, रविवार
काच सकाळी बसवली. आईने बशीत लोणी ठेवलं. ऊन आधी बुंध्यांवर आलं, मग पायरीवर, मग खिडकीत. मग आत. जमिनीच्या फळ्यांवर चौकोन पडला आणि लीव त्यात जाऊन झोपली. आईने पाळणा सरकवून त्या चौकोनात ठेवला. ओलावने डोळे मिचकावले. खोकला अजून आहे. पण त्याने आज दूध पुरतं ओढलं, पहिल्यांदाच, आणि पोटावर हात ठेवून झोपला. कोपऱ्यातलं गाठोडं आईने सोडलं आणि त्यातल्या शाली उन्हात पसरल्या.

बाबा चुलीपाशी उभे होते. उगाच काहीतरी उचलत होते, ठेवत होते.

आई म्हणाली, "हाल्वर, आज चमचा लागणार नाही."

बाबांच्या हातात खरंच चमचा होता. ते आईकडे बघतच राहिले. "तुला कधीपासून..."
"तू डोळे उघड म्हणालास तेव्हापासून."

लीवने विचारलं, "कसला चमचा?" कोणी सांगितलं नाही. मी पण लिहिणार नाही. मला वाटतं ते त्या दोघांचं आहे.

लोणी वितळलं. आईने ते सगळ्यांना लावलं, ओलावला झोपेतच. मग खिडकीत बसून बाहेर बघितलं. आता खिडकीच्या अगदी समोर खोपट आलंय आणि बाईसाहेब कुंपणावर पाय ठेवून थेट आत बघत होत्या.

"हाल्वर," आई म्हणाली, "हिला उद्याच्या उद्या मागे ने. किती वास येतो हिचा. मला पहिल्यापासून सहन होत नाही."